ग्रहण, पेरू आणि काचेची हाडं

बऱ्याच दिवसांनी इथे लिहायला बसले आहे. मध्ये एकदोघांनी विचारलंसुद्धा, "काय, ब्लॉग बंद पडला का?" बंद नव्हता पडला. पण जे लिहायचं होतं ते घरातलं होतं, आणि इथे वाचणाऱ्यांत निम्मे घरातलेच असल्यामुळे हात आखडत होता. शेवटी मागच्या आठवड्यात भैय्याच फोनवर म्हणाला, "ताई, लिहून टाक. हाडं माझी मोडली, तुझी बोटं तर शाबूत आहेत ना?" तर त्याच्या परवानगीने लिहिते आहे. काकूचीही परवानगी घेतली आहे, त्याबद्दल पुढे.

भैय्या म्हणजे माझ्या धाकट्या काकांचा मुलगा. परतवाड्याचं आमचं घर तेव्हा एकत्र होतं. आजी, तीन भाऊ, त्यांच्या बायका, आम्ही पोरंसोरं, आणि मागच्या अंगणात एक पेरूचं झाड. गावाबाहेर संत्र्याचा थोडा बगीचा. गोष्ट सुरू होते १६ फेब्रुवारी १९८० ला. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होतं. खग्रासचा पट्टा खाली कर्नाटक-आंध्रातून गेला, आमच्याकडे खंडग्रास. पण भीती मात्र पुरी खग्रास! दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. माणसं दारं-खिडक्या लावून बसली होती.

काकूला चौथा महिना होता. आजीने तिला सकाळपासूनच माजघरात बसवून ठेवलं होतं. काही चिरायचं नाही, सुई-दोऱ्याला हात लावायचा नाही, पाय मुडपून बसायचं नाही. मी नऊ वर्षांची, आणि ग्रहण सुटेपर्यंत कुणीच काही खायचं नाही म्हणून भुकेने कासावीस. आजीचा डोळा लागल्यावर काकू हळूच उठली, विळीवर एक पेरू चिरला, मीठ लावलं आणि माझ्या हातात दिला. न्हाणीघरामागच्या बोळात उभं राहून मी तो खाल्ला. काकूने स्वतः एक फोडही तोंडात घातली नाही.

दोन-तीन दिवसांनी आजी मला कशावरून तरी रागावली. तेव्हा मी फणकाऱ्याने म्हटलं, "तू काहीच देत नाहीस, काकूने मला ग्रहणातसुद्धा पेरू कापून दिला." आजी तेव्हा काही बोलली नाही. मीही विसरून गेले.

जुलैत भैय्या झाला. गोरापान, आणि डोळ्यांचा पांढरा भाग निळसर. आम्हाला सगळ्यांना ते फार सुंदर वाटायचं. आठ महिन्यांचा असताना लंगोट बदलायला काकूने त्याचे दोन्ही पाय धरून उचलले आणि मांडीचं हाड मोडलं. पडला नाही, आपटला नाही, नुसते पाय उचलले. हाडवैद्याकडे नेलं, त्याने बांबूच्या पट्ट्या बांधून दिल्या. ते जुळलं, तर चार महिन्यांनी हात. मग पुन्हा तीच मांडी. पाच वर्षांचा होईपर्यंत सहा वेळा. (भैय्या म्हणतो सात. एकदा करंगळी मोडली होती, ती मी धरत नाही, तो धरतो.)

तिसऱ्या वेळी आजीला पेरू आठवला. "हिनं गिऱ्हानात विळी धरली होती. पोट्टीनं सांगतलं मले."

पोट्टी म्हणजे मी. नऊ वर्षांच्या मुलीची साक्ष, आणि ती खरीही होती. त्यावर सहा वर्षं घर चाललं. लग्नकार्यात, हळदीकुंकवात, कोणी "पोराचं काय झालं हो?" विचारलं की उत्तर तयार असायचं. काकूने कधी नाकारलं नाही, कारण विळी तिने धरली होतीच. कोणासाठी धरली होती ते मात्र तिने कधीच सांगितलं नाही.

गावातल्या एका डॉक्टरांनी तर एकदा काकांना बाजूला घेऊन विचारलं, "घरात पोराला कोणी मारतं का?" तो प्रश्नही घरापर्यंत आला आणि पुन्हा काकूच्याच अंगावर पडला. आता मला त्या डॉक्टरांचा राग येत नाही. अमेरिकेत १९६२ मध्ये डॉ. हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी घरातच मारहाण होणाऱ्या मुलांवर एक लेख लिहिला आणि जगभरच्या डॉक्टरांचे डोळे उघडले. एक्स-रेमध्ये कमी-जास्त जुनी, निरनिराळ्या वेळी जुळलेली फ्रॅक्चरं दिसली तर संशय घ्या, हा धडा तिथून आला. धडा योग्यच होता, त्याने कित्येक मुलं वाचली. फक्त भैय्यासारख्या मुलांचा एक्स-रेही अगदी तसाच दिसतो. त्यामुळे ज्या आया आधीच अर्ध्या मेलेल्या, त्यांच्यावर हा आळ जगभर आला. आमच्याकडे ग्रहण आणि आळ दोन्ही आले, एवढंच.

आता थोडा इतिहास. कंटाळा येणार असेल त्यांनी मुंबईच्या प्रवासापर्यंत उडी मारावी.

हा आजार काही नवा नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या एका तान्ह्या बाळाचा सांगाडा आहे, त्याची हाडं अशीच होती. स्वीडनमध्ये १७८८ साली एकमान नावाच्या डॉक्टराने एका घराण्यातल्या तीन पिढ्यांची मोडकी हाडं आपल्या प्रबंधात नोंदवली. म्हणजे पानिपत होऊन सत्तावीस वर्षं झाली होती, महादजी शिंदे हयात होते, आणि तिकडे एक माणूस लिहीत होता की हे घराण्यात चालत येतं. १८४९ मध्ये अॅमस्टरडॅमच्या व्रोलिकने त्याला 'ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा' हे नाव दिलं. अर्थ सोपा आहे, हाड घडण्यातच उणीव. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉ. सायलन्स यांनी त्याचे चार प्रकार पाडले. (वेळी-अवेळी हाडांचा आवाज करणाऱ्या आजाराच्या डॉक्टरांचं आडनाव सायलन्स! असो.)

उणीव नेमकी कुठे? आपल्याकडची कुडाची भिंत डोळ्यांसमोर आणा. आत तुराट्यांचा ताटवा आणि वरून मातीचा गिलावा. हाडही तसंच. आत कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा ताटवा आणि त्यावर कॅल्शियमचा गिलावा. या मुलांचा गिलावा ठीक असतो, ताटवाच कच्चा असतो. म्हणून नुसतं दूध-खारीक-डिंकाचे लाडू खाऊ घालून काही होत नाही. डोळ्याच्या पांढऱ्या पडद्यातही हेच कोलॅजन असतं. ते विरळ असलं की खालचा रंग झिरपून निळसर दिसतो. आम्ही कौतुक करत होतो ती निळाई म्हणजे आजाराची खूण होती. (अगदी तान्ह्या बाळांत थोडी निळसर झाक एरवीही असते, उगाच घाबरून जाऊ नका.)

हे जनुकातून येतं. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलात उतरतं, आणि पुष्कळदा दोघेही धडधाकट असताना त्या एका मुलात नव्यानेच बदल होतो. भैय्याचं तसंच झालं. गर्भ रुजतानाच जे ठरलं, त्यात चौथ्या महिन्यातल्या पेरूचा संबंध येतोच कुठे?

साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांत एक असं बाळ जन्मतं. २०११ च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास २९ लाख होती. हिशोब ढोबळच आहे, तरी या एका जिल्ह्यात असे शंभरावर लोक असायला हवेत. मी आयुष्यात भैय्याखेरीज दोनच पाहिले. बाकीचे कुठे आहेत? बहुतेक कुठल्या तरी माजघरात, आणि त्यांच्या आयांच्या नावावर एकेक ग्रहण.

तर मुंबई. मे १९८६. माझी नववीची परीक्षा झाली होती, भैय्या सहाव्या वर्षात होता. अमरावतीच्या एका डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की मुंबईला मोठ्या सरकारी इस्पितळात दाखवा. मदतीला म्हणून मला सोबत घेतलं. अचलपूरहून आमची 'शकुंतला' निघाली. नव्या मंडळींसाठी सांगते, शकुंतला म्हणजे अचलपूर-मूर्तिजापूर ही चिमुकली रेल्वे, किलिक निक्सन कंपनीच्या काळातली. कोळशाचं इंजिन १९९४ पर्यंत होतं, मग डिझेल आलं, आणि आता तर तीही गेली. शहात्तर किलोमीटरला चार-साडेचार तास! लोक तिला हसायचे. पण भैय्याला एस.टी.ने न्यायची काकूची छाती नव्हती. रस्त्यातला एक खड्डा म्हणजे एक हाड. शकुंतला एवढी सावकाश चालायची की काकूने मांडीवर दोन उशा, त्यावर गोधडी, त्यावर भैय्या असा थर लावून त्याला मूर्तिजापूरपर्यंत अलगद नेलं. तिथून रात्रीची मुंबईची गाडी.

व्ही.टी.ला उतरल्यावर राहायचं कुठे, हा प्रश्न काकांनी आधीच सोडवला होता. "आपल्या बाबाची धर्मशाळा हाय ना."

आपले बाबा म्हणजे गाडगेबाबा. १८७६ मध्ये शेणगावात परटाच्या घरी जन्मले. १९५६ च्या डिसेंबरात वलगावपाशी पेढी नदीच्या काठी गेले. परतवाड्याहून अमरावतीला जाताना आम्ही सगळे त्या नदीवरून जातो आणि आजी न चुकता हात जोडायची. बाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या हे शाळेत शिकवतात. पण १९५४ मध्ये त्यांनी मुंबईत जे.जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली, हे मला त्या दिवशी कळलं. आजही मला त्यात कमालीचं काही वाटतं ते हे की, या माणसाने रोग्याच्या खाटेशेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. रोग्याला खाट मिळते, औषध मिळतं. त्याच्यासोबत आलेली बाई रात्री कुठे झोपते, अंघोळ कुठे करते, भात कुठे शिजवते? खेड्यातला माणूस इलाज अर्धवट टाकून परत येतो तो बहुतेक वेळा आजाराला कंटाळून नाही, फुटपाथला कंटाळून. वैद्यकाच्या इतिहासात शस्त्रक्रियांची आणि औषधांची नावं असतात, धर्मशाळांची नसतात. मला विचाराल तर असायला हवीत.

आम्ही तिथे पाच आठवडे काढले. रोज सकाळी खोली झाडायची, हा बाबांचा नेम होता आणि आम्ही तो पाळला. शेजारच्या खोलीत सोलापूरकडचं एक कुटुंब होतं, त्यांच्याकडून काकू शेंगदाण्याची चटणी शिकली. ती चटणी आमच्या घरात अजून 'मुंबईची चटणी' म्हणून ओळखली जाते.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी भैय्याला खिडकीपाशी नेलं, डोळे पाहिले, जुने सगळे एक्स-रे उजेडावर धरले. मग खुर्ची ओढून काकूसमोर बसले. पहिलं वाक्य आजाराचं नाव नव्हतं. ते म्हणाले, "बाई, यात तुमची काही चूक नाही. हे बाळ कुणाच्याही पोटी आलं असतं तरी असंच असतं." मग काकांकडे वळून तेच पुन्हा सांगितलं, आणि घरी गेल्यावर सगळ्यांना सांगा म्हणाले.

काकू रडली नाही. तिने विचारलं, "त्याले उचलू कसं?" सहा वर्षांत तिला हे कोणीच सांगितलं नव्हतं, तरी उत्तर तिने स्वतःच शोधलं होतं. पाय धरून कधी उचलायचं नाही. एक हात कमरेखाली, एक खांद्यांखाली, बोटं पसरून. अंघोळीला घंगाळात आधी चादर पसरायची. डॉक्टरांनी तिला करून दाखवायला सांगितलं आणि दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावून म्हणाले, पाहून घ्या. हा प्रसंग मी कितीही वेळा सांगू शकते.

औषध तेव्हा नव्हतं. शस्त्रक्रिया होती. अमेरिकेत सोफिल्ड आणि मिलर यांनी १९५९ मध्ये मांडलेली. वाकलेलं हाड दोन-तीन ठिकाणी कापायचं आणि ते तुकडे स्टीलच्या सळईत ओवून सरळ करायचे. डॉक्टरमंडळी आपसांत तिला 'शीग कबाब' म्हणतात हे मला पुढे कळलं. काकू शाकाहारी असल्याने तिला मी हे अजून सांगितलेलं नाही. अडचण अशी की मूल वाढतं, सळई वाढत नाही. म्हणून काही वर्षांनी ती बदलावी लागते. १९६३ मध्ये दुर्बिणीसारखी लांब होणारी सळईही निघाली होती, पण ती आमच्या वाट्याला आली नाही. भैय्याच्या दोन्ही मांड्यांत साध्या सळया बसल्या आणि तीन वर्षांनी पुन्हा एकदा तोच प्रवास, तीच धर्मशाळा.

परत आल्यावर काकांनी आजीला डॉक्टरांचा निरोप सांगितला. आजी ऐकून घेऊन उठली आणि गोठ्यात गेली. पुढे पेरूचा विषय तिने काढला नाही, आणि चुकलं असंही म्हणाली नाही. मात्र २४ ऑक्टोबर १९९५ ला, दिवाळीतच, सकाळी पुन्हा सूर्यग्रहण होतं. मी सुट्टीला घरी आले होते. ऐन ग्रहणात काकू ओसरीवर विळी घेऊन बसली आणि मेथीची जुडी चिरायला लागली. आजी समोरच्या बाजेवर होती. कोणी काही बोललं नाही. चिरून झाल्यावर आजीने हात पुढे करून देठं मागितली, गाईला घालायला.

शाळेचं मात्र सोपं नव्हतं. एका शाळेने सरळ नाही सांगितलं. पोरं धक्का देतील, जबाबदारी कोण घेणार? दुसऱ्या शाळेच्या गुरुजींनी घेतलं, अट एकच, आई आवारात हवी. काकू चार वर्षं शाळेच्या व्हरांड्यात बसली. तिथे बसून तिने किती वाती वळल्या आणि किती स्वेटर विणले याचा हिशोब नाही. अशा आयांचा इतिहास कोणी लिहीत नाही, पण कुठे कुठे त्यांनी स्वतःच तो घडवला आहे. मुंबईत फातेमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. तिच्यासाठी वणवण करताना त्यांना दिसलं की बाकीच्या मुलांसाठी काहीच नाही, आणि १९४७ मध्ये त्यांनी अपंग मुलांसाठी संस्था आणि दवाखाना सुरू केला. तिकडे स्कॉटलंडमध्ये डंडीच्या मार्गारेट ग्रँट यांना हाच ठिसूळ हाडांचा आजार होता, त्यांच्या मुलीलाही होता. त्यांनी १९६८ मध्ये अशा कुटुंबांची संघटना काढली. परतवाड्यात काकूला तिच्यासारखी दुसरी आई भेटली ती थेट धर्मशाळेत, आणि तीही वेगळ्याच आजाराची.

भैय्या बारावीत असताना मी त्याला फिरदौस कांगांबद्दल सांगितलं होतं. मुंबईत वाढलेला पारशी लेखक, हाच आजार. त्यांची 'ट्राइंग टु ग्रो' ही कादंबरी १९९० मध्ये आली, आणि तिच्यावरच्या 'सिक्स्थ हॅपिनेस' या चित्रपटात त्यांनी स्वतःच काम केलं. भैय्याने कादंबरी डिक्शनरी घेऊन दोन महिन्यांत वाचली. म्हणाला, "लई चावट हाय हा!" मला वाटलं होतं त्याला धीर येईल. त्याला धीर नको होता, मजा आली.

१९९८ मध्ये मोठी गोष्ट घडली. माँट्रियलच्या डॉ. ग्लोरियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३० मुलांना पॅमिड्रोनेट हे औषध ठरावीक महिन्यांनी सलाइनमधून दिलं. हाडांची घनता वाढली, फ्रॅक्चरं कमी झाली, दुखणं उतरलं. ताटवा तोच राहतो, पण हाडाची झीज मंदावते आणि गिलावा जाड होतो. ही औषधं बिस्फॉस्फोनेट जातीची. यांचा जुना उपयोग वाचून मी खुर्चीतून उडालेच. पाणी कठीण असलं की नळ्यांत क्षार साचतात, ते साचू नयेत म्हणून ती पाण्यात घालत, आणि त्यात संत्र्याच्या बागांचं ओलीतही होतं! आमचा आख्खा मुलूख संत्र्यांचा. म्हणजे भैय्याच्या हाडांचं औषध कुठल्या तरी बगीच्याच्या पाण्यातूनच आलं म्हणायचं. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग आपल्या बगीच्यात कामून नाई निंगालं?"

पण भैय्या तेव्हा अठराचा झाला होता. या औषधाचा खरा फायदा वाढत्या वयात. नागपूरच्या डॉक्टरांनी पुढे तसं स्पष्ट सांगून काही डोस दिले. दुखणं कमी झालं, उंची चार फूट एक इंचावर थांबली ती थांबलीच. बारा वर्षं आधी मिळालं असतं तर, हा विचार आम्ही करतो. तो करत नाही, किंवा आमच्यासमोर करत नाही.

कायदाही असाच उशिरा. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यात भैय्याची नोंद 'अस्थिव्यंग'. २०१६ च्या कायद्यात प्रकार एकवीस झाले आणि बुटकेपणा, म्हणजे मोठेपणी १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उंची, हा वेगळा प्रकार आला. २०२१ मध्ये केंद्राचं दुर्मीळ आजारांचं धोरण आलं. त्यात ठिसूळ हाडांचा आजार आणि त्यावरचे बिस्फॉस्फोनेट नावानिशी आहेत, मुंबईचं के.ई.एम. उपचार केंद्रांच्या यादीत आहे, आणि २०२२ पासून मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत आहे. चांगलंच आहे. त्याच २०२१ मध्ये अॅकाँड्रोप्लासियावर, म्हणजे हात-पाय आखूड राहणाऱ्या वाढीच्या आजारावर, व्होसोरिटाइड नावाचं रोज टोचायचं औषध युरोप-अमेरिकेत मंजूर झालं. ते भलतंच महाग. पण भैय्यासारख्यांचं औषध काही कोटींचं नाही. एक सलाइन, कॅल्शियम-डी, व्यायाम शिकवणारा माणूस आणि सळई बसवणारा सर्जन. अडतं ते ओळखण्यापाशी. २०१३ पासून शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासणारी जी सरकारी पथकं फिरतात, त्यांच्या तीसेक आजारांच्या यादीत वाकडे पाऊल आहे, निखळलेला खुबा आहे, मुडदूस आहे. ठिसूळ हाडं नावाने नाहीत. यादीत नसलेलं मूल पुन्हा 'आईच्या हातून पडलेलं' ठरतं.

आणि ज्यांना आईच नाही? परतवाड्याजवळच वझ्झरला शंकरबाबा पापळकर आहेत. गाडगेबाबांना मानणारा माणूस. रेल्वे स्टेशनांवर, उकिरड्यांवर टाकून दिलेली दिव्यांग मुलं राज्यभरातून त्यांच्या अंबादासपंत वैद्य बालगृहात आली. शंभरावर मुलांना त्यांनी बापाच्या जागी स्वतःचं नाव दिलं. कायद्याने अठरा वर्षं झाली की बालगृह सोडायचं. हे मूल एकोणिसाव्या वाढदिवशी जाईल कुठे, हा त्यांचा सरकारला वर्षानुवर्षं एकच प्रश्न. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तिथे वाढलेली अंध मुलगी माला पापळकर लोकसेवा आयोगाची परीक्षा पास झाली. भैय्याला घेऊन आम्ही एकदा तिथे गेलो होतो. परतताना काकू रस्ताभर गप्प होती. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "आपल्याले तं घर होतं."

तेव्हाच खरं तर मी सांगायला हवं होतं. सांगितलं मागच्या दिवाळीत, पंचेचाळीस वर्षांनी. स्वयंपाकघरात दोघीच होतो. म्हटलं, काकू, तो पेरू मी आजीला सांगितला होता. माझ्यामुळे तुला एवढं... पुढे बोलवेना. काकूने पोळी उलटली.

"मले माहीत हाय ना. तुयाशिवाय कोणाले माहीत होतं?"

"मग तू आजीला कधी सांगितलं का नाहीस, की माझ्यासाठी कापला?"

"नऊ वर्साची पोरगी तू. तुयावर ढकलू? जाऊ दे ना व माय. अन् तो पेरूबी अर्धा किडकाच निंगाला होता."

मागच्या आठवड्यात भैय्याचा फोन आला तो याच संदर्भात. त्याचं बसस्टँडजवळ झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दिव्यांग कार्डाचे अर्ज बहुतेक त्याच्याकडेच भरतात. तर चिखलदऱ्याकडचं एक कुटुंब कसल्या तरी दाखल्यासाठी आलं होतं. बाप, सासू, आणि जरा लांब पायरीवर बसलेली आई. तिच्या मांडीवर दीड-दोन वर्षांचं मूल, पायाला प्लास्टर. भैय्याने विचारलं, कितवं? बाप म्हणाला तिसरं. सासूने आईकडे हात केला, "हिच्या हातून पडते."

भैय्या कुबड्या घेऊन काउंटरबाहेर आला. आईला म्हणाला, बाळाला जरा उजेडात आण. डोळे पाहिले. मी डॉक्टर नाही, म्हणाला, पण नागपूरला दाखवा, आणि हे नाव डॉक्टरांना दाखवा, असं म्हणून कागदावर आजाराचं नाव मराठीत आणि इंग्रजीत लिहून दिलं, खाली स्वतःचा नंबर. मग सासूसमोर उभा राहिला आणि स्वतःची वाकडी नडगी दाखवून म्हणाला, "आजी, हे पाहा. मायी माय मले कधी पाडे नाई."

दाखल्याचे पैसे त्याने घेतले नाहीत. संध्याकाळच्या एस.टी.ने ते गेले. बसमध्ये चढताना बाळाला आईने एक हात कमरेखाली, एक खांद्यांखाली धरून उचललं होतं, असं तो म्हणाला. तेवढ्यात त्याने तेही शिकवलं होतं.